फायरचा कोर्स केला तर पोरगा जन्मभर पाईपच धरणार का?

‘मना आंडोर जलमभर पाईपच धरी का?’ अमळनेर तालुक्यातल्या एका आईचा हा प्रश्न. मुलगा बी.एस्सी., वय २३. हातात एका खासगी संस्थेचं माहितीपत्रक: सहा महिन्यांचा ‘फायर अँड सेफ्टी’ डिप्लोमा, फी ४५ हजार, ‘नोकरीची हमी’. पहिला हप्ता दुसऱ्याच दिवशी भरायचा होता.

वडील कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला, म्हणून मी तिथूनच समजावलं. कपाशीत खडा किंवा लोखंडाचा तुकडा राहिला की जिनमध्ये ठिणगी पडते. १७० किलोच्या दाबलेल्या गाठीत पाणी शिरत नाही. वरून विझलेली गाठ आतून धुमसत राहते, ती फोडून, पसरूनच भिजवावी लागते. हे कष्ट जवानाचे. आधी कोणत्या गाठी हलवायच्या, दुसरा बंब कुठे लावायचा, पाणी कुठून आणायचं, हे अधिकारी ठरवतो. त्याचं खरं काम तर आग लागण्याआधीचं: इमारतीचे नकाशे तपासणं, ना-हरकत दाखला, जवानांच्या पाळ्या, गाड्यांची देखभाल, अंदाजपत्रक. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने इमारतमालकाला दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचा ‘फॉर्म बी’, म्हणजे आगीपासून बचावाची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. तो नुसता फायलीत लावायचा की जाऊन पंप चालू करून बघायचा, यावर माणसांचे जीव अवलंबून असतात.

आता माहितीपत्रक. महापालिकेच्या भरतीची जुनी जाहिरात काढून ‘शैक्षणिक अर्हता’ ही ओळ मुलाकडूनच मोठ्याने वाचून घेतली. तिथे राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्र, मुंबई किंवा राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय, नागपूर यांचे कोर्स होते. त्या डिप्लोमाचं नाव नव्हतं. बहुतेक मुलं फसतात ती इथेच. फी भरून झाल्यावर जाहिरात वाचतात. कारखान्यात सेफ्टी ऑफिसर व्हायचं तर वाट वेगळी, तिथे औद्योगिक सुरक्षेचा मान्यताप्राप्त अॅडव्हान्स्ड डिप्लोमा आणि अनुभव लागतो.

पदवीधराला सब ऑफिसरचा, म्हणजे अधिकाऱ्याच्या पहिल्या पायरीचा, कोर्स योग्य. पुढे स्टेशन ऑफिसर, विभागीय अधिकारी, मुख्य अग्निशमन अधिकारी अशी चढण. एमआयडीसी, विमानतळ, रिफायनरी यांचीही स्वतःची अग्निशमन दलं असतात. धाकटी बहीण बारावी सायन्सला होती. तिच्यासाठी नागपूरचं फायर इंजिनिअरिंग सुचवलं.

मग टेप काढला. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ५० किलो, छाती ८१ आणि फुगवून ५ जास्त, ही मुलांसाठीची नेहमीची अट. वयाची आणि दृष्टीची अट ताज्या सूचनेत पाहायची. अनवाणी, टाचा भिंतीला टेकवून उंची १६६ भरली. छाती ८१, फुगवून मात्र ८४. उंची वाढवता येत नाही, श्वास वाढवता येतो.

हप्ता भरला नाही. मुलगा पहाटे बोरी नदीच्या बाजूने धावतोय. परवा छाती ८५ भरली. एक सेंटिमीटर बाकी आहे.