पालिकेच्या इमारतीवर माहितीपट

प्रश्न : मुंबई महानगरपालिकेच्या मुख्यालयाच्या बांधकामावर आमचं मंडळ छोटा माहितीपट करत आहे. काम चालू असतानाचं चित्रीकरण कुठे मिळेल?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : त्याच्या शोधात वेळ घालवू नका. इमारत 1893 साली पूर्ण झाली आणि मुंबईत हलती चित्रं पहिल्यांदा दाखवली गेली ती 7 जुलै 1896 रोजी, वॉटसन हॉटेलात. तुमची भिस्त फोटो, नकाशे आणि प्रत्यक्ष वास्तूवरच. फोटोचा काळ तपासून घ्या. समोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा दिसला, तर तो फोटो 1923 च्या आधीचा नाही.

हमखास चूक होते ती तारखांत. लॉर्ड रिपन यांनी कोनशिला बसवली 9 डिसेंबर 1884 रोजी, पण काम सुरू झालं 25 एप्रिल 1889 ला. कुणाचा आराखडा घ्यायचा हे मधल्या काळात ठरत होतं, अखेर एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा घेतला. कोनशिलेवरून थेट परांचीवर गेलात, तर ही सगळी ओढाताणच गळते, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. खर्चही अवश्य दाखवा : मंजूर 11,88,082 रुपये, झाले 11,19,969. सार्वजनिक कामात असं क्वचितच घडतं.

बांधकामाची रीत समजावायला एक दगडी कमान पुरे. आधी लाकडी आधार, मग दोन्ही बाजूंनी वर चढत जाणारे घडीव दगड, शेवटी मधला दगड. चुना सावकाश धरतो. आधार घाईने काढला तर कमान खाली बसते आणि सांधे उघडतात. हे रेखाचित्रांतून टप्प्याटप्प्याने दाखवा आणि त्यावर पाथरवटाच्या छिन्नीचा खरा आवाज घाला.

प्रश्न : त्या काळच्या रस्त्याचे आवाज कोणते घ्यावेत? चित्रीकरण कधी करावं?

उत्तर : घोड्यांची ट्राम चालेल, ती 1874 पासून होती. विजेची ट्राम 1907 ची आणि विजेची लोकल 1925 ची, म्हणून ते आवाज नकोत. मनोऱ्याकडची दर्शनी बाजू सकाळच्या उन्हात घ्या. समोरच्या सीएसएमटीचं तोंड पश्चिमेला, ती दुपारनंतर. मनोरा 235 फुटांचा आहे. खालून कॅमेरा वर रोखला तर तो मागे कलल्यासारखा दिसतो, तेव्हा रस्त्यापलीकडे लांब जाऊन कॅमेरा सरळ धरा.