जोसेफ दुसरा : हुकूम निघाला, पुढे काय?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

ऑस्ट्रियाच्या जोसेफ दुसऱ्यावर लिहायला घेतलं आहेस, तर त्याच्या हुकमांची यादी करत बसू नकोस. १७६५ पासून तो आई मारिया थेरेसाबरोबर राज्य चालवत होता. २९ नोव्हेंबर १७८० ला ती गेली आणि हुकमांचा पाऊस सुरू झाला. नुसती यादी वाचली तर तो देवमाणूस वाटतो. त्यापेक्षा एकच हुकूम धर आणि तो निघाल्यापासून मागे घेईपर्यंत सोडू नकोस.

१० फेब्रुवारी १७८९ चा जमीनकराचा हुकूम त्यासाठी उत्तम. आधी गावोगाव जमीन मोजली, उत्पन्न ठरवलं. मग वाटणी अशी: १०० गुल्डनच्या उत्पन्नातले ७० शेतकऱ्याचे, १२ गुल्डन १३ १/३ क्रॉइत्सर सरकारचे, १७ गुल्डन ४६ २/३ क्रॉइत्सर जमीनदाराचे. (६० क्रॉइत्सरचा एक गुल्डन, बेरीज करून बघ.) कागदावर चोख. पण जमीनदाराला आता वेठीऐवजी रोकड मिळणार होती, आणि त्याचं स्वतःचं शेत तर वेठीवरच पिकायचं. शेतकऱ्याकडे रोकड कुठली? शिवाय अंमल करायचा तो बऱ्याच ठिकाणी जमीनदाराच्याच माणसांनी. १ नोव्हेंबरला हुकूम लागू झाला. पुढच्याच वर्षी, जोसेफ गेल्यावर गादीवर आलेल्या भाऊ लिओपोल्डने तो रद्द केला.

दोन चुका हमखास होतात. १७८१ मध्ये भूदासांना, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांना, लग्न, स्थलांतर आणि धंदा शिकण्याची मोकळीक मिळाली. वेठ मात्र तशीच राहिली. ‘भूदासत्व संपलं’ एवढंच लिहून पुढे जाऊ नकोस. दुसरी चूक हंगेरीची; तिथेही त्याचंच राज्य होतं. १७८४ मध्ये तिथे जर्मन भाषा आली ती कारभारातल्या लॅटिनच्या जागी, हंगेरियनच्या नव्हे.

त्याच वर्षी मृतदेह कापडी पिशवीत शिवून, तळ उघडणाऱ्या आणि पुन्हापुन्हा वापरायच्या शवपेटीतून पुरायचा हुकूमही निघाला. लाकूड वाचणार होतं, हिशेब बरोबर होता! लोक इतके खवळले की काही महिन्यांत तो मागे घ्यावा लागला.

जानेवारी १७९० मध्ये, मरणाला काही आठवडे उरले असताना, हंगेरीपुरते बहुतेक सगळे हुकूम त्याने स्वतःच मागे घेतले. धार्मिक सहिष्णुता, भूदासांची मोकळीक आणि चर्चच्या पॅरिशांची (एकेका पाद्र्याच्या हद्दीतल्या वस्त्यांची) व्यवस्था, एवढंच ठेवलं. सुरुवात त्या कागदापासून कर आणि एकेक हुकूम मागे मागे वाचत जा.