गाडी स्टार्ट होते, पण लगेच बंद पडते

मित्रा, घाईने फ्युएल पंप बदलू नकोस, तो महागात पडतो. आधी गाडी मोकळ्या हवेत न्यूट्रलला उभी कर, हँडब्रेक ओढ आणि स्टार्ट होताच अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून धर. पाय असेपर्यंत इंजिन चाललं आणि पाय काढताच बंद पडलं, तर पेट्रोल येतंय; अडचण बहुधा आयडलच्या, म्हणजे पाय न देता इंजिन चालताना लागणाऱ्या, हवेची आहे. थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या भागात) साचलेला कार्बन हे त्याचं नेहमीचं कारण. थ्रॉटल क्लीनर आणि मऊ कापडाने पूस, पण इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने जबरदस्तीने उघडू नकोस. एअर फिल्टरकडून थ्रॉटल बॉडीकडे जाणारा रबरी पाइपही नीट वाकवून बघ. माझ्या गाडीत तो घडीत चिरला होता, वरून दिसतच नव्हता.

पाय देऊनही दोन सेकंदांत बंद? मग डॅशबोर्डवरचा किल्लीचा दिवा बघ. तो लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) किल्ली ओळखत नसावा. दुसरी किल्ली लावून पाहा. दिवा ठीक असेल तर इग्निशन ऑन करून मागच्या सीटजवळ कान लाव. पंपाची दोनेक सेकंद घरघर ऐकू यायला हवी. नसेल तर पहिल्यांदा पंपाचा फ्यूज आणि रिले (पंपाला वीज देणारा स्विच) तपास. घरघर आहे आणि तरी बंद पडते, तर मेकॅनिककडून गेज लावून पेट्रोलचं प्रेशर मोजून घे.