कधी कळलं ते विचार

प्रिय पोरी,

तुझा मेल तीनदा वाचला. "काका, बाबांना चीनने मारलं असं म्हटलं की बरं वाटतं, पण खरं वाटत नाही" हे तू सहज लिहून गेलीस आणि लगेच पुढे प्रबंध, गाइड, फॉर्म सुरू केलंस. मी मात्र त्या ओळीवरच अडकलो, चहा गार झाला, तुझी काकू दोनदा ओरडून गेली.

धीर देत बसत नाही, मला ते जमत नाही हे तुला माहितीय.

आधी तुझ्या प्रबंधाच्या सर्व्हेच्या फॉर्मचं. "कोविडसाठी चीनला जबाबदार धरावं का, हो की नाही" असा प्रश्न नातेवाइकांच्या न् सोसायटीच्या ग्रुपवर टाकलास तर लोक 'हो' नाही म्हणणार तर काय म्हणणार? आणि त्या 'हो'मध्ये कोविड किती आणि गलवानच्या सीमेवरची झटापट किती हे कसं काढणार तू? जून २०२० मध्ये तुझ्या बाबांनीच मला चिनी ॲप काढून टाकायची यादी पाठवली होती, चिनी फोनवरून. मी तसं लिहिलं तर नुसता अंगठा आला उत्तरात. तोही माणूस 'हो' वरच टिक करणार होता बघ.

प्यू रिसर्च या अमेरिकेतल्या सर्व्हे करणाऱ्या संस्थेने त्याच उन्हाळ्यात अमेरिकेत विचारलं होतं. चीन सरकारच्या सुरुवातीच्या हाताळणीला दोष देणारे ७८ टक्के निघाले. पण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, जो तू विचारला नाहीस : व्यापार बिघडला तरी चालेल पण जबाबदार धरायचं, की संबंध सांभाळायचे? तिथे धरा म्हणणारे निम्म्यावर आले, ३८ टक्के म्हणाले संबंध सांभाळा. म्हणजे खिशाला हात लागेपर्यंत सगळे शूर. आणि १४ देशांत विचारलं तेव्हा चीनने वाईट हाताळलं म्हणणारे साधारण ६१ टक्के होते, अमेरिकेने वाईट हाताळलं म्हणणारे ८४. लोकांच्या डोक्यात 'आलं कुठून' आणि 'हाताळलं कसं' हे दोन वेगळे कप्पे आहेत गं, तुझ्या फॉर्मने ते एकात कोंबले.

तर आता माझं तुणतुणं ऐक. कुठून आला ते सोड, कधी कळलं ते विचार. आणि कळल्यावर किती दिवस गप्प बसले ते.

बाजारातून आला की लॅबमधून यावर अजून भांडणं चालू आहेत, तुझ्या एमएच्या प्रबंधात ती मिटणार नाहीत. तारखा मात्र आहेत. ३० डिसेंबर २०१९ ला वुहानचा डोळ्यांचा डॉक्टर ली वेनलियांग आपल्या डॉक्टर मित्रांच्या ग्रुपवर सांगतो की असे असे पेशंट आलेत, सांभाळा. ३ जानेवारीला पोलीस त्याला बोलावून अफवा पसरवल्याच्या कागदावर सही घेतात. १८ जानेवारीला त्याच वुहानमध्ये बायबूटिंग नावाच्या वस्तीत चाळीस हजार कुटुंबांचं सहभोजन होतं, घराघरातून पदार्थ आणून. माणसातून माणसाला होतोय हे उघडपणे सांगितलं २० तारखेला, २३ ला शहर बंद. ली स्वतः फेब्रुवारीत गेला, त्याच आजाराने.

ते चाळीस हजार कुटुंबांचं जेवण वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद केला होता. आता का ते सांगतो, हे तुझ्या बाबांना माहीत होतं, बाकी कुणाला नाही.

मी आरोग्य सेवक होतो, पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला नवीन, बत्तीस वर्षांचा असेन. एका गावात जुलाब-उलटीचे पेशंट वाढायला लागले, दिवसाला दोन, मग पाच, मग नऊ. मी टाकीचं पाणी घेतलं, क्लोरीन बघायची ओटी टेस्ट केली, नळीत पिवळा रंग येईचना, म्हणजे पाण्यात क्लोरीनचा पत्ता नाही. पाण्यात टाकायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरची पोती ग्रामपंचायतीत होती, दगड झालेली. पाइपलाइन गटाराच्या कडेने गेलेली. सगळं दिसत होतं, लपलेलं काही नव्हतंच. आणि चार दिवसांवर गावची जत्रा. वरचे साहेब म्हणाले, रजिस्टरला आकडा पेन्सिलने लिही, जत्रा झाली की पक्का करू, आत्ता तालुक्याला कळवलंस तर जत्रा बंद पडेल, पाहुणे परत जातील, गावाचं नाव खराब होईल, आणि ते खापर तुझ्यावरच फुटेल. मी पेन्सिलने लिहिलं.

जत्रा झाली. दोन माणसं गेली. एक म्हातारी, जी मला सर्व्हेला गेलो की बळजबरीने गूळ-शेंगदाणे खायला लावायची, आणि एक दीड वर्षाचं पोर.

आता तू म्हणशील मला का सांगताय. कारण 'लपवलं' हा शब्द आपण असा वापरतो जणू कुठेतरी अंधाऱ्या खोलीत बसून कुणी कट केला. कट वगैरे नसतो. एक जत्रा असते, एक साहेब असतो, आणि एक पेन्सिल. वुहानमध्ये वेगळं काय झालं असेल? आणि हो, मी काय करणार होतो, नोकरी पक्की नव्हती, थोरला पोलिओच्या डोसाच्या वयाचा, बदली झाली असती कुठेतरी टोकाला. आधी त्याच वर्षी मी एकदा काविळीचे पेशंट कळवले होते तर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझीच खरडपट्टी निघाली होती, तुमच्याच एरियात कशी काय साथ येते म्हणून. जो कळवतो त्याच्याच एरियात साथ असते, बाकीचे एरिया स्वच्छ! हे मी तीस वर्षं स्वतःला सांगत आलोय. ऐकून घे आणि सोडून दे.

हेच मोठ्या प्रमाणावर बघायचं तर दक्षिण आफ्रिका बघ. २४ नोव्हेंबर २०२१ ला त्यांच्या शास्त्रज्ञांनी नवा व्हेरियंट सापडल्याचं डब्ल्यूएचओला कळवलं, जो पुढे ओमिक्रॉन. दोन दिवसांत ब्रिटन, युरोप, अमेरिकेने विमानं बंद केली किंवा प्रवासबंदी जाहीर केली. सांगितलं म्हणून. पुढच्या वेळी कुठला देश पटकन सांगेल? स्पेनचंही तेच, १९१८ मध्ये युद्धात नसल्यामुळे तिथल्या पेपरांवर सेन्सॉर नव्हती, त्यांनी छापलं, तर शंभर वर्षं फ्लू त्यांच्या नावावर. इकडे त्याला बॉम्बे फीव्हर म्हणायचे, हेही लक्षात ठेव. उगमावर शिक्षा ठेवलीस की सगळे पेन्सिल उचलतात. म्हणून म्हणतो, कुठून ते सोड, कधी कळलं ते विचार.

आणि तोच प्रश्न मग आपल्यालाही विचार, तिथे तुझा गाइड नाक मुरडेल. तुझे बाबा गेले एप्रिल २०२१ ला. वुहान बंद झालं त्याला पंधरा महिने झाले होते. मधल्या तारखा कुणाच्या? फेब्रुवारीत अमरावतीत केसेस अशा वाढल्या की २२ तारखेपासून तिथे लॉकडाऊन लागला. २४ मार्चला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने स्वतः सांगितलं की महाराष्ट्राच्या नमुन्यांत डिसेंबरच्या तुलनेत दोन म्युटेशनवाला प्रकार वाढलाय. म्हणजे कळलं होतं. त्यानंतरच्या सभा, मेळे, लग्नं, आणि ऑक्सिजनसाठी तू आणि तुझा भाऊ ज्या रात्री गाडी घेऊन फिरत होतात ती रात्र, हे बीजिंगमध्ये ठरलं नव्हतं. मग मे महिन्यात जग जेव्हा 'इंडियन व्हेरियंट' म्हणायला लागलं तेव्हा आपल्याच सरकारने सोशल मीडिया कंपन्यांना पत्र पाठवलं की तसं म्हणणारा मजकूर काढा. बरोबरच होतं ते, ३१ मेला डब्ल्यूएचओने ग्रीक अक्षरं दिली, आपला झाला डेल्टा. पण वर्षभर चायनीज व्हायरस म्हणणारे आपले लोक त्या दिवशी काय म्हणाले ते आठव. तुझी मेलबर्नची मावसबहीण तेव्हा इकडेच अडकली होती ना, स्वतःच्या घरी परत गेली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल असा तिच्याच देशाचा आदेश. तिने काय केलं होतं? तिकीट भारतातून होतं, एवढंच.

चीनला सोडून द्या असं मी म्हणतोय असं वाटलं तर परत वाच. ३ जानेवारी ते २० जानेवारी या सतरा दिवसांचा हिशोब मागायलाच पाहिजे. सार्सच्या वेळीही ग्वांगडोंगमध्ये नोव्हेंबर २००२ ला सुरू झालेलं जगाला फेब्रुवारी २००३ मध्ये कळलं, त्यातूनच २००५ चे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम आले, २४ तासांत कळवा म्हणून. न कळवल्यास काय? काही नाही, दंडाचं कलमच नाही त्यात. ही खरी भानगड आहे, तुझा अख्खा तिसरा चॅप्टर यावर होऊ शकतो. नाहीतर मग मिसुरीसारखं होतं : २०२० मध्ये त्या राज्याने चीनवर दावा लावला, सार्वभौम देशावर दुसऱ्याच्या कोर्टात खटला चालत नाही म्हणून बहुतेक मुद्दे उडाले, मास्क-पीपीईची साठेबाजी हा एकच उरला, आणि मार्च २०२५ मध्ये चीन हजरच नव्हता म्हणून एकतर्फी २४ अब्ज डॉलरचा निकाल. वसूल करा आता.

फॉर्म बदल. जबाबदार धरावं का हे शेवटी विचार. आधी विचार की कोणत्या गोष्टीसाठी, साथ सुरू झाली म्हणून की उशिरा सांगितली म्हणून. मग विचार, तुमच्या गावात साथ आली आणि जत्रा तोंडावर असेल तर तुम्ही लगेच कळवाल का. या प्रश्नावर किती जण फॉर्म अर्धवट सोडून जातात तेही मोज.

रविवारी ये, आईलाही आण. त्या वर्षाची माझी डायरी आहे अजून, तारखा त्यात आहेत, हवी तर फोटो काढून घे प्रबंधाला. फक्त गावाचं नाव टाकू नकोस, माझंही नको, तिथे ओळखीची माणसं आहेत अजून. हसू येत असेल तर हस.

तुझा,
काका