डबा अमेरिकेचा, पाणी दर्यापूरचे

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमचे बाळ तीन महिन्यांचे असून वजन साडेपाच किलो आहे आणि ते पूर्णपणे डब्याच्या दुधावर आहे. मे महिन्यात आम्ही दर्यापूर तालुक्यातील गावी जाणार आहोत. बाळाने बाटलीत दूध ठेवले की सासूबाई व्हिडिओ कॉलवरच म्हणतात, "लेकराचं पोट नाही भरलं वं, पाज अजून." नेमके किती पाजावे?

उत्तर : हिशेब बाटलीचा नको, दिवसाचा करा. सहा महिन्यांपर्यंतच्या निरोगी बाळाला वजनाच्या दर किलोमागे चोवीस तासांत साधारण १५० मिली दूध लागते. म्हणजे तुमच्या बाळाला दिवसाला सुमारे ८२५ मिली, अर्थात सात वेळा पाजत असाल तर एका वेळी १२० मिलीच्या आसपास. एखाद्या वेळी ते ९० मिलीवर तोंड फिरवील, तर संध्याकाळी १५० मिलीही संपवील. दोन्हींत काळजीचे काही नाही. दिवसभरात सहा किंवा अधिक वेळा लंगोट ओला होत असेल आणि वजन वाढत असेल, तर पोट भरते आहे असे समजावे. गावी डायपरऐवजी लंगोट वापरलेत, तर ही मोजणी सासूबाईच तुमच्यापेक्षा चोख ठेवतील.

मला विचाराल तर वीस-तीस मिलीच्या फरकापेक्षा दूध कालवण्यातील चूक फार महागात पडते. अमेरिकेतील बहुतेक डब्यांवर ६० मिली पाण्याला एक सपाट चमचा असे प्रमाण असते, तर भारतातील डब्यांवर ते बहुधा ३० मिलीला एक चमचा असे असते. त्यामुळे तिकडचा चमचा इकडच्या सवयीने वापरला, तर दूध दुप्पट घट्ट होऊन बाळाच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. उलट झाले, तर ते निम्मे पातळ होऊन बाळाचे पोषण तर घटतेच, शिवाय रक्तातील सोडियम उतरून झटके येण्याची भीती असते. ज्या डब्याची पावडर, त्याच डब्याचा चमचा आणि त्याच डब्यावरचे प्रमाण. बाटलीत आधी पाणी मोजावे आणि मग पावडर घालावी.

आता पाण्याविषयी. दर्यापूर तालुका पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणीच खारे असलेल्या भागात येतो. तेथील विहिरीचे किंवा बोअरचे पाणी कितीही उकळले तरी त्यातील क्षार जात नाहीत. वाफ निघून गेल्याने त्यांचे प्रमाण उलट वाढते. म्हणून बाळासाठी धरणावरून येणारे नळयोजनेचे पाणी घ्यावे, किंवा ज्या बाटलीबंद पाण्यात सोडियम लिटरमागे २०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्याचे छापलेले असेल ते घ्यावे. उकळावे मात्र दोन्ही. पावडर निर्जंतुक नसते, त्यामुळे पाणी किमान ७० अंश सेल्सिअस असतानाच ती घालावी आणि मग बाटली गार पाण्याच्या भांड्यात धरून दूध कोमट करावे. उकळते पाणी चांगल्या थर्मासात भरून ठेवले, तर रात्री वीज गेली तरी अडत नाही.

"एवढं ऊन तापते, लेकराले दोन घोट पाणी तं पाजा," असा आग्रह होईलच. सहा महिन्यांच्या आत वेगळे पाणी देऊ नये. उकाड्यात बाळ अधिक वेळा दूध मागेल, तेव्हा ते द्यावे. घुटीत मध तर वर्षभर चालणार नाही.

बाटलीत उरलेले दूध तासाभरात ओतून द्यावे लागते, आणि दूध वाया घालवणे ज्या घरात पाप मानले जाते तेथे "संपव रे राजा" म्हणत पाजले जाणारच. म्हणून सुरुवातीला १२० मिलीच बनवावे, म्हणजे तुमच्या डब्याचे दोन चमचे, आणि बाळ खरोखरच तोंडाने बाटली शोधू लागले तर ६० मिली पाण्यात तिसरा चमचा घालावा. तो सासूबाईंच्या हातून घालवून घ्या.