आधी कॉलेजचं पान वाच, मग फी भर

ऑनलाइन एपी फिजिक्स (अमेरिकेतला, शाळेतच करायचा कॉलेजच्या पातळीचा अभ्यासक्रम) घेतोयस, छान. पण फी भरायच्या आधी ज्या कॉलेजांवर डोळा आहे, त्यांचे क्रेडिटचे नियम वाच, म्हणजे एपीच्या किती गुणांवर कॉलेजातला कुठला विषय माफ होतो ते. एपी फिजिक्स १ बीजगणितावर चालतं; इंजिनिअरिंगला बऱ्याच ठिकाणी कॅल्क्युलसवालं फिजिक्स सी लागतं. मी हे उशिरा वाचलं. ५ पैकी ५ मिळूनही पहिल्या सेमिस्टरला तेच मेकॅनिक्स पुन्हा! लॅबची वही मात्र जपून ठेव, कॉलेज मागू शकतं.

व्हिडिओ बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं, तिथेच गाडी घसरते. उतारावरचा ठोकळा घे. व्हिडिओ थांबव, कागदावर स्वतः बाण काढ: वजन सरळ खाली, घर्षण उताराला समांतर, लंबबल उताराला काटकोनात. हे लंबबल म्हणजे अख्खं वजन नव्हे. ३० अंशांच्या उतारावर वजनाच्या साधारण ८७ टक्केच. मी कितीतरी दिवस लंबबलाऐवजी पूर्ण वजन धरून घर्षण काढत होतो आणि उत्तर चुकलं की कॅल्क्युलेटरवर चिडत होतो.

परीक्षेत ४० बहुपर्यायी प्रश्नांना ८० मिनिटं, तर ४ लेखी प्रश्नांना १०० मिनिटं. लेखीत नुसता आकडा पुरत नाही, कारण मांडावं लागतं. त्याचा सराव आईसमोर कर, मराठीत. ती ‘पण का?’ म्हणाली आणि तू अडखळलास, की तो धडा पुन्हा काढ.