जानेवारीत पहिली फुल मॅरेथॉन करायची आहे, तर वर्षभरात किती शर्यती धरू?

नोकरी सांभाळून पळत असाल तर वर्षाला दोनच मुख्य शर्यती धरा, बाकीच्या त्यांच्या तयारीपुरत्या. आमच्या गटातल्या नवख्यांची वेळापत्रकं मी लावून देतो, ती नेहमी शेवटच्या तारखेपासून उलटी मोजत. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. तिच्या आधीचे १६ ते १८ आठवडे तयारीचे, म्हणजे सुरुवात सप्टेंबरात. सातारा हिल हाफ (डोंगरातली हाफ मॅरेथॉन, म्हणजे २१ किमी) त्याच सुमारास असते, म्हणून ती पहिली मुख्य शर्यत. तिथे निम्मं अंतर यवतेश्वरच्या घाटाने चढायचं आणि त्याच रस्त्याने उतरायचं. चढ दम काढतो, पण खरी वाट लावतो तो उतार: दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलतात. त्यामुळे पुढचे दोन आठवडे फक्त हलकं पळा. डिसेंबरच्या सुरुवातीला एक हाफ घ्या, पण वेळेसाठी नाही, रंगीत तालीम म्हणून: तेच बूट, तोच पहाटेचा नाश्ता, तेच एनर्जी जेल (पळताना ताकदीसाठी घ्यायचं गोड, घट्टसर मिश्रण). त्यानंतर मुंबईच्या तीन आठवडे आधी ३० किमीचा एक लांब पल्ला. फेब्रुवारीत विश्रांती, एप्रिल-मेच्या उन्हात १० किमीपुढे काही धरू नका. मात्र गुडघा किंवा पोटरी आधीपासून कुरकुरत असेल, तर साताऱ्याचा घाट यंदा सोडा आणि त्याऐवजी सपाट रस्त्यावरची हाफ घ्या.